इंग्लिश–४

पडद्यावर आधी काठी आली,
मग गिटार, मग तो.
एकोणऐंशीचा. पांढरी वेणी, गळ्यात मफलर.
भुसावळात बाहेर शेहेचाळीस
आणि तिकडे त्याच्या तोंडातून वाफ निघतेय.

एकच खेळ, मंगळवारी रात्री साडेनऊचा.
टॉकीजवाला म्हणाला होता, येणार कोण?
म्हटलं, माझी गिऱ्हाइकं येतील.
एकतीस आली.
लोको शेडचे रिटायर फिटर तीन, त्यांत गुलाब तडवी.
फैजपूरचा प्रभाकर झोपे केळीच्या ट्रकमधून उतरून थेट,
सदऱ्यावर चीक तसाच.
रेल्वे क्वार्टरमधल्या मर्लिन टीचर,
ज्यांना शब्द कळायचे
आणि म्हणून ज्या कमी नाचायच्या.
धुळ्याचा हिरामण बागूल, सोबत नातू,
नातवाच्या मोबाइलात जगातली सगळी गाणी,
पण नावच ठाऊक नसेल तर शोधणार काय?

नाव आम्हाला कधीच नव्हतं.
मूळ कॅसेट एका गार्डाने आणली, इटारसीकडून, बिनकव्हरची.
मी जामनेर रोडच्या दुकानात तिच्या कॉप्या भरायचो
आणि पाठीवर बॉलपेनने लिहायचो: इंग्लिश–४.
(एक ते तीन कोणती होती, मलाही आठवत नाही.)
भरणावळ आठ रुपये. कॅसेट तुमची असेल तर पाच.

आता सांगायला हरकत नाही.
मूळ नव्वदची होती. मी साठवर भरायचो.
साठची स्वस्त पडायची, एवढंच कारण.
त्यामुळे शेवटचं गाणं, ते मोठं,
जिथे गिटार चढते, चढते,
आता हतनूरचे सगळे दरवाजे उघडणार असं वाटतं
आणि
खट्.
फीत संपायची.

दोनशे-अडीचशे गेल्या असतील माझ्या हातून,
रावेर, चोपडा, शिरपूर, पार नवापूरपर्यंत,
आणि तेवढ्या घरांत ते गाणं तिथंच संपायचं.
गॅदरिंगला पोरं तोंडाने वाजवायची,
शेवटी न चुकता जिभेने खट् करायची.
मर्लिन टीचर म्हणायच्या,
असं मध्येच तोडायला काळीज लागतं हो.
मी गप्प.

पडद्यावर तेच गाणं सुरू झालं.
तो स्टुलावर बसला. कॅमेरा बोटांवर:
पेरांना गाठी, आल्याच्या कांड्या जशा.
पूर्वी मेल होती, आता पॅसेंजर,
प्रत्येक स्टेशन घेत चढत होता.
आणि ती जागा आली.
एकतीस तोंडांतून एकदम
खट्!
कोणी ठरवलं नव्हतं.
हसू फुटलं सगळीकडे.

म्हातारा थांबला नाही.

हसू तसंच तोंडावर राहिलं.
"आरे," अंधारात हिरामण बागूल म्हणाला,
"याना पुढे बी शे!"

पुढे होतं. साडेचार मिनिटं होतं.
फार मोठं काही नव्हतं, खरं सांगतो.
वर गेलेली गिटार एकेक पायरी खाली येते,
शेवटी एकच तार उरते,
शंटिंग झाल्यावर यार्डातला एखादा डबा
थोडा सरकून आपला आपण थांबतो, तशी.
मध्ये एकदा चुकला. ड्रमवाल्याकडे बघून हसला.
तिकडची हजारो माणसं ओरडली.
इकडे झोपे डोळे पुसत होता,
चीक गेला म्हणाला डोळ्यात.

दिवे लागले तरी कोणी उठेना.
मग एकेक मान माझ्याकडे वळली.
म्हटलं, साठची स्वस्त पडायची.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"नारखेडेशेठ," गुलाब तडवी म्हणाला,
"तीन रुपये निघतात आमचे तुमच्याकडे."

बाहेर गाडीवर भांडण पेटलं.
निम्मे म्हणत, खट्च बरं होतं.
मर्लिन टीचर एक शब्द बोलल्या नाहीत,
पाव मोडत राहिल्या.
नातवाने नाव शोधून काढलं, मोठ्याने वाचलं,
दोनदा वाचलं.
"बरं, बरं," हिरामण म्हणाला, "तू तुनी शेव खा."

एकतीस प्लेटा शेवभाजी.
पैसे मी दिले.
राहू द्या, असं कोणीच म्हटलं नाही.