जस्त

साकीनाक्याच्या गाळ्यात मी बोल्टांना जस्त चढवतो.
आधी आम्लात, मग पाण्यात, मग टाकीत,
आकड्याला टांगून.
करंट सोडला की अठरा मिनिटं मोजायची.
काळे आत जातात, निळसर पांढरे होऊन येतात.
माझ्या नखांत जस्त, डब्याच्या कडीवर जस्त,
सदरा पिळला तर चिमूटभर निघेल.

आणि परळच्या इस्पितळात दस्तूर बाईंनी
रिपोर्टातल्या एका ओळीखाली रेघ मारली :
हिच्या रक्तात जस्त कमी आहे.

मला हसू आलं.
त्यांना वाटलं, मला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.
प्रणाली रिक्षात म्हणाली,
मग आणा की खरवडून थोडं.
पुढे घाटकोपर येईपर्यंत कोणी बोललं नाही.

जस्त आणि जास्त, एका कान्याचा फरक.
दुर्वाला बाकी सगळं जास्तच :
ओठांभोवती लाली, कोपराच्या वळणात सुटलेली साल,
खाजवून खाजवून चादरीवर उठलेले ठिपके,
आणि झटके.
पहिला आला तेव्हा पहाटेचं पाणी भरायचं चाललं होतं.
खराडे काकूंनी चप्पल हुंगवली,
कोणीतरी मुठीत लोखंडाची किल्ली कोंबली.
हंडा भरून वाहत राहिला.
आता आम्ही तिला फक्त कुशीवर वळवतो
आणि घड्याळ बघतो.

त्या दिवशी बाईंनी खोलीत अंधार केला,
जांभळा दिवा लावला,
आणि तिच्या पाठीवर एक डाग शोधू लागल्या.
पांढरा असतो म्हणाल्या, पानाच्या आकाराचा.
मी विचारलं, झटके डोक्यात, मग पाठ कशाला?
त्या म्हणाल्या, पोटातल्या बाळाची कातडी आणि मेंदू
सुरुवातीला एकाच थरात असतात.
कधीकधी आतलं बाहेर लिहिलेलं सापडतं.

अंधारात माझाच सदरा उजळला,
साबणाने उजळतो तो.
दुर्वा खुदकन हसली : बाबा, तुम्ही ट्यूबलाइट!
बाईही हसल्या. दिवा पोटावरून, मांड्यांवरून फिरला.
पान नव्हतं.

बरं वाटलं का, सांगता येत नाही.
पान असतं
तर झाडाचं नाव तरी कळलं असतं.

जस्ताचं औषध देऊ, त्या म्हणाल्या, कातडी सुधारेल.
झटक्यांचं मी लिहून देणार नाही.
दोन्ही शेजारी राहतात
म्हणून एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही.
झटक्यांची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.

प्रणालीने वहीत दोन रकाने आखले.
तीन आठवड्यांत डावा रकाना रिकामा पडू लागला.
ओठ बरे, कोपर बरे,
गालाला हात लावावा तर नव्या कणकेसारखा.
खराडे काकू म्हणाल्या, बघा, मी म्हटलंच होतं.
काय म्हटलं होतं, ते कोणी विचारलं नाही.

चोविसाव्या रात्री उजव्या रकान्यात :
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
तसल्या स्वच्छ गालावरून फेस खाली आला.

गिऱ्हाईक विचारतं, किती टिकेल?
आम्ही छापील कागद देतो,
मिठाच्या फवाऱ्यात शहाण्णव तास, खाली शिक्का.
मला तो कागद घडी घालताना आता
उगाच वेळ लागतो.

काल तिने माझ्या खिशातून एक बाद झालेला बोल्ट काढला.
खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून बघितला
आणि काळ्या टिपक्यावर बोट ठेवलं.
बाबा, याला इथेच का कमी पडलं?

मी चष्मा लावला.
आकड्याने धरलं होतं ती जागा.
तिथे चढत नाही, मी म्हणालो,
जिथे धरून ठेवावं लागतं, तिथे चढत नाही.

मग सोडायचं ना, ती म्हणाली,
आणि बोल्ट फरशीवर भोवऱ्यासारखा फिरवला.