अडतीस मीटरवरची फट

शिरवाडीच्या सड्यावर बोअर मारताना
परकारांच्या हुसेनने जपून वर काढलेला हा नमुना:
मनगटाएवढा जाड, वीतभर उंच.
वर जांभा, त्याखाली शेडी, त्याखाली काळवथर,
आणि काळवथरात, अडतीस मीटरवर,
उभी गेलेली एक फट.
तिच्या अंगावर गंजाचा तांबूस पट्टा.
म्हणजे इथून पाणी जात होतं,
वर्षानुवर्षं, कुणाला न सांगता.

मी त्याला रबराचं कातडं चढवते,
लोखंडी नळकांड्यात बसवते,
भोवतीच्या तेलाला दाब देते.
खालून पाणी सोडायचं, वर मोजायचं.
काचेची नळी, घड्याळ, वही.
रत्नागिरीत, खाडीकडच्या खिडकीशी
एवढंच माझं काम.

द्रौपदी गोताड आज विचारत विचारत आल्या.
त्यांच्या विहिरीच्या वर, सड्यावर,
दोन वर्षं चिऱ्यांची थप्पी उभी आहे
ट्रकांची वाट बघत.
"तवापासून झरा बारीक झाला. खाणवाला म्हनतो,
दगडावर दगड ठेवला तर पान्याचा काय जाता?"
मी म्हटलं, बसा.
एका थप्पीने इतक्या खाली किती फरक पडतो
मला खरंच माहीत नाही.
पण दाब काय करतो ते दाखवते.

पहिला दाब. नळी भरायला एक मिनिट.
दुसरा. तीन मिनिटं.
तिसऱ्याला चहा आला, संपला,
कप विसळून झाले,
नळी अर्धीच.

"येवढीशी तर दाबलीस."
फट निम्मी झाली की पाणी निम्मं होत नाही, मावशी.
निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं.
आठ हंड्यांतला एक उरतो.
त्या बोटांवर मोजत राहिल्या,
मग खिडकीबाहेर पाहिलं,
उरलेले सात कुणी नेले असतील तसं.

"मग पुरती बंद का न्हाय होत?"

हे मला परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.
मी दुसरा, दुभंगलेला तुकडा त्यांच्या हातात दिला.
त्यांनी उघड्या अंगावरून बोट फिरवलं:
टेंगळं, खळगे, बारीक दाते.
एक बाजू कधीतरी केसभर सरकलेली,
म्हणून इकडचं टेंगूळ तिकडच्या खळग्यात बसत नाही,
टेंगळावर टेकून राहतं,
आणि मधे वाट उरते,
वाकडी, अडखळती.

"जात्यागत," त्या म्हणाल्या.
"जाता गुळगुळीत झाला का दळत न्हाय.
मग पाथरवट यायचा, टाकी मारून खरबरीत करायचा.
दाना जायला जागा नको?"

सहा वर्षं मी याला गुणांक म्हणत आले.

दाब उतरवला. तेल मागे आलं, काटा शून्यावर.
पुन्हा पाणी सोडलं.
त्या पदर सावरून पुढे सरकल्या.
एक मिनिट. नळी अर्ध्याच्या थोडी वर.
एक मिनिट पन्नास सेकंदांनी भरली.

"ओझा तर काढलास."
काढलं. पण काही टेंगळं आत चिरडली,
त्यांची पूड फटीतच बसली.
"हां. हंडा उतरवला तरी चुंबळ चपटीच ऱ्हाते,"
त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून,
"चुंबळ तरी झटकता येते.
तिथं खाली टाकी घेऊन कोन जानार?"

सव्वापाचची एसटी होती त्यांची.
जाताना म्हणाल्या, कागदावर लिहून दे,
ग्रामसभेत वाचून घेते कुनाकडून तरी.
मी लिहिलं: थप्पीमुळेच झालं, असं सांगता येत नाही.
त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.
मग कागद परत मागून घेतला,
आणि खाली, वहीत कधी लिहीत नाही अशा घाईने:
तरी हलवायची असेल, तर लवकर हलवा.