नेरला रस्ता बंद होता

धुळं सोडलं तेव्हा काचेवर दव,
वासंतीच्या मांडीवर फडक्यात कळण्याची भाकरी,
आणि भांडण, नवापूरपर्यंत पुरेल एवढं.

नेरच्या अलीकडे रस्त्यात दोरी,
फक्कीची रेघ, भोंग्यातून एक मास्तर:
"पाच किलोमीटर, फी वीस रुपये.
गाडीवाल्यांनीही पळावं, नाहीतरी तासभर खोळंबा आहे."

ती आधी उतरली.
ओढणी कमरेला खोचली. मी चपलांवर.
छातीला टाचणीनं कागद: सदुसष्ट, अडुसष्ट.

कांद्याच्या चाळी, पांझरेचा फरशीपूल,
बांधावरून कुणीतरी, "पय रे भो, पय!"
पुलापाशी मी गुडघे धरून उभा.
ती थांबली नाही.
मला बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही.

मागे उरलो मी आणि सोसायटीचे दगाजी आप्पा,
टोपी मुठीत,
दर खांबाला "आता चालतो" म्हणत
पळतच राहिलेले.

पोचलो तेव्हा
वासंती चहाचा दुसरा पेला फुंकत होती.

साक्रीनंतर गाडी तिनं घेतली.
टोलवरच्या पोरानं माझ्या छातीकडे पाहिलं,
"कितवा उनात?"
"शेवटून दुसरे," तीच म्हणाली,
आणि सुट्टे मोजून दिले.