परिच्छेद सतरा, कंसासहित

पडद्यावरचा मजकूर मी हलवते.
अकरा वर्षं हेच. जिनिव्हा, दुसरा मजला;
इथून सरोवर दिसत नाही,
त्याच्यावरून आलेला वारा तेवढा काचा वाजवतो.

ज्या शब्दावर एकमत नाही, त्याला चौकोनी कंस.
आज चौथा दिवस, 'मानवी हक्क' कंसात आहेत.
एक देश म्हणाला, कंस काढा.
एक म्हणाला, प्रस्तावनेत आलेत की एकदा,
जिथे तिथे कशाला?
एक म्हणाला, राहू देत बापडे, फक्त पुढे जोडा
'राष्ट्रीय कायद्यांच्या अधीन राहून'.
जोडलं. त्यालाही कंस.
सगळ्यांत सुंदर बोलला तो देश, ज्याची कंपनी
परक्या फोनांत शिरायची हत्यारं विकते.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या,
हात कळफलकावर होते.

तीन नंबरच्या काचेच्या खोक्यात मोहिरा.
दुभाष्याने 'ते म्हणतात' म्हणायचं नसतं.
बोलणारा मी, तर तीही मी.
दुपारी तिच्या देशाचे प्रतिनिधी उठले,
मवाळ आवाज, नीट लावलेले कागद,
आणि आमच्या कानांत ती बोलली:
"मला हा शब्द मान्य नाही.
माझ्या देशात कुणालाही
लिहिलं म्हणून अटक होत नाही."

अडखळली नाही कुठे.
'कुणालाही'च्या आधी फक्त एक श्वास,
जो मूळ भाषणात नव्हता.

शेरझोद, तिचा भाऊ. बेकरीवाला.
पिठाच्या भावावर चार ओळी टाकल्या होत्या फोनवरून.
हा तिसरा हिवाळा.

कॉफीच्या यंत्रापाशी मी विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून,
ते साहेब ओळखतात का तुला?
म्हणाली, आमच्याच गल्लीतले.
माझ्या बापाच्या भट्टीतला पाव खाऊन वाढलेत.
सकाळी विचारत होते, आई कशी आहे.
मग तिने साखर घेतली, जी ती घेत नाही.

नऊला दुभाषी उठतात, नियम आहे तसा.
माईक विझले, आणि भाषेवाचून उरलेले देश
एकमेकांकडे न बघता
चार्जर गुंडाळू लागले.

यंत्र विचारतं, बदल जपायचे का?
हो म्हटलं.
दोन शब्द. अलीकडे भिंत, पलीकडे भिंत.
कर्सर बाहेर लुकलुकत उभा,
भेटीची वेळ संपली तरी
डबा हातात घेऊन थांबलेल्या माणसासारखा.