डावी बाजू

खांबावरून पडला, तवा लाइन बंद होती.
डोक्यावरची खोक पोळ्याआधी भरली.

आता ताटातली अर्धीच भाकर खाते.
उजवीकडचं पिठलं संपलं
का म्हणते, वाढ अजून.
डावीकडं ठेचा, कांदा, अंबाडीची भाजी
जशीच्या तशी.

सासू म्हणे, ढोंग.
शेजारची वेणू म्हणे, बाहेरचं.
सावंगीच्या मॅडमनं पाठकोऱ्या कागदावर मेंदू काढला,
पेन टेकवून म्हणाली,
डोळे चांगले आहेत, ताई.
डावीकडं काही असतं,
हेच हरवलंय त्यांचं.
ताट फिरवू नका. शोधू द्या.

ताटाच्या डाव्या काठाशी मी
लाल लुगड्याची चिंधी ठेवते.
चिंधी दिसेस्तोवर मान वळवायची.
रोज. दोन्ही वख्त.
कधी चिडून ताटच लोटते.

अर्धी दाढी करून पारावर गेला
तं पोट्टे हासले.
मी नाही हासली. मग हासली,
मोरीत, एकटी.

संध्याकाळी त्याच्या डाव्या अंगानंच बसते,
जिथं त्याच्यासाठी कोणी नसते तिथं,
तूर निवडत,
कालव्याचं पाणी, लेकीची फी,
काही बी बोलत.

काल मान वळली.
चिंधीच्या थोडी पुढं.

"तू कवा आली?"

आत्ताच, म्हटलं.