कापड उचलायचं नाही

चॅपलच्या मागच्या खोलीत, एका शनिवारी,
रबरी कुत्र्याच्या नाकात फुंकर घालताना
आम्ही सगळेच हसलो होतो.
छाती वर यायची आणि शेपटीपाशी शिट्टी वाजायची.
शिकवणारी नेरिस हसली नाही. म्हणाली,
तोंड हातानं मिटा, श्वास नाकातून द्या,
मांजराला गालातली फुंकर पुरते, फुप्फुसातली नको.
मी लिहून घेतलं. औषधांच्या दुकानात काम करते,
लिहून घ्यायची सवय आहे. शिवाय बाहेर पाऊस होता
आणि पाच पौंडांत चहासुद्धा.

डोल्गेथ्लाय. गावाचं हे नाव नीट म्हणायला
मला दोन हिवाळे लागले.
शेजारच्या एमरिसच्या कुत्र्याचं नाव मॉट.
मी त्याला मोटच म्हणते.
इथं कुणाला सांगत बसू मोट म्हणजे काय,
किती पाणी, किती खोलातून.
तोही माझ्यावर गुरगुरतो, वेल्शमध्ये.

मार्चमध्ये, मेंढ्या विण्याच्या दिवसांत,
काटेरी तारेवरून उडी थोडी कमी पडली
आणि त्याची मागची मांडी आतून उघडली.
रक्त ठिबकत नव्हतं. उडत होतं,
ठोक्याठोक्याला.
एमरिस, दर वर्षी सत्तर मेंढ्यांची बाळंतपणं करणारा,
टोपी हातात घेऊन नुसता उभा.

आधी तोंड बांधायचं.
गरिबातलं गरीब कुत्रंही कळ आली की चावतं,
हे वहीत होतं. पट्टी वहीत नव्हती.
मी पायातला लांब नायलॉनचा मोजा उतरवला,
तिथंच, चिखलात. एमरिसनं डोंगराकडं तोंड केलं.
नाकाभोवती फास, हनुवटीखाली पीळ, कानांमागे गाठ.
मग स्कार्फची घडी. मग तळहात. मग सगळं वजन.

भिजलं तर दुसरं कापड त्याच्यावर.
खालचं उचलायचं नाही.
उचललं की जे काही धरू लागलेलं असतं
तेही सुटतं.

मी मागांच्या गावची, इचलकरंजीची.
अण्णा कापड तपासायचे. घडी उचलून उजेडात धरायचे,
कुठं धागा तुटला, कुठं गाठ राहिली.
आमच्याकडं सगळंच असं उचलून बघत.
माझं मोडलेलं लग्नसुद्धा. रोज संध्याकाळी
कुणीतरी कोपरा उचलायचं,
थांबलं का, बघायला.

बालापर्यंत अठरा मैल.
व्हॅनच्या मागच्या भागात खाद्याच्या पोत्यांवर मी,
एक हात मांडीवर रोवलेला,
दुसऱ्यानं ओठ सारून हिरडी दाबून बघत,
पांढरी, पांढरी, जराशी गुलाबी.
श्वास मोठ्यानं मोजत होते, मराठीत.
पुढून एमरिस तेच मोजू लागला त्याच्या भाषेत.
तीनला त्री. पाचला पिम्प.
सातला साइथ, म्हणजे जवळजवळ सातच.
पंधरा सेकंदांत सात, त्याला चारनं गुणायचं असतं.
गुणलं नाही कुणी. पुन्हा एकपासून.

"आता सोडा," व्हेटबाई म्हणाली.
बोटं सुटेनात.
तिनं ती एकेक करून सोडवली
आणि कापड तिनं उचललं.
मी भिंतीवरचं जंतांच्या औषधाचं पोस्टर वाचत राहिले,
दोनदा, पूर्ण.

मोट लंगडतो. फाटकापाशी गेले की
अजूनही गुरगुरतो. उपकार वगैरे
त्याच्या गावीही नाही.

आठवड्यानं माझ्या दारात एक तपकिरी लिफाफा.
चिठ्ठी नाही. आत तो मोजा,
धुतलेला, चार घड्या घातलेला,
आणि जिथं दात लागला होता तिथं
पोती शिवायच्या हिरव्या दोऱ्यानं रफू.

खिडकीशी नेऊन उजेडात धरला.
टाके वाकडे, दोरा जाड, एक गाठ वरच राहिलेली.
अण्णांनी हा माल परत पाठवला असता.