देल्मिराचा चष्मा

पहाटे साडेतीनला मी भट्टी पेटवायचो
आणि पिठाच्या फळीवरचा रेडिओ लावायचो.
दोघांनाही तापायला तेवढाच वेळ लागे.
आधी खरखर,
मग सीमेपलीकडचा कुणी पाद्री, पोर्तुगीजमधून ओरडणारा,
आणि त्यातून वाट काढत आमची देल्मिरा साऊएर:
"ग्वालेग्वाय नदी. एक मीटर नव्वद. उतरतेय."

सगळंच उतरत होतं त्या डिसेंबरात.
बँकेला आतून कुलूप,
माझे चार हजार पेसो आत,
मी बाहेर.
एन्त्रे रिओस प्रांतानं पगारासाठी आपलेच कागद छापले;
कसाई शंभराचे सत्तर धरायचा,
औषधवाला हातच लावायचा नाही.
पाव मात्र सगळ्यांना लागायचा.
मी अंड्यांवर दिला, मधावर दिला,
दाताच्या डॉक्टरकडे बारा किलो थकले
तेव्हा एक दाढ काढून घेतली.
दुखत नव्हती फारशी. पण उधारी फिटली.

राजधानीत लोक पातेली बडवत होते.
आमच्याकडे तो आवाज फक्त रेडिओतून आला,
आणि एर्मेलिंदानं सवयीनं
चुलीकडे वळून पाहिलं,
काही उतू जातंय का.

देल्मिराचा क्रम ठरलेला.
नदी, मयत, जनावरांचा भाव, मग निरोप:
"बेटावरच्या एवारिस्तोला. कातडी आणू नकोस, घेणारा रोख देत नाही."
"रेल्वे फाटकाजवळच्या मास्तरीणबाईंना. मुलगी झाली, दोघी सुखरूप, येताना साखर आणा."
"ज्यानं आमची सायकल नेली त्याला. पंप इथेच राहिलाय, तोही घेऊन जा."
आणि सगळ्यात शेवटी, हवामानाच्या आधी,
राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला.
पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं दिला.
नंतरच्याचं नाव तिला नीट वाचताच आलं नाही.

आम्हाला वाटलं, मुद्दाम करतेय.
मग एका सकाळी तिनं मयतांमध्ये
जित्याजागत्या ओराल्डो क्नॉलचं नाव घेतलं.
गेला होता त्याचा भाऊ, ओस्वाल्डो.
आठ वाजता ओराल्डो पाव न्यायला आला.
रांगेतल्या बाईनं छातीवर क्रूस काढला
आणि मग त्यालाच विचारलं,
दफन किती वाजता आहे.

दुसऱ्या दिवशी निरोपांत एक निरोप असा:
"केंद्रावरच्या देल्मिराकडून, कुणालाही.
चष्मा फुटलाय. चार महिने पगार नाही.
लोकरी कोट आहे, चांगला, एक बटण नाही.
चष्म्याच्या बदल्यात देणे आहे."
मग बराच वेळ काहीच नाही.
पाद्रीसुद्धा गप्प.
मला वाटलं, गेलं केंद्र.
"नदी," ती म्हणाली. "एक मीटर चौऱ्याऐंशी. हे मघाशी राहिलं."

आईचा चष्मा कपाटात होता, तीन वर्षं.
पावाच्या कागदात गुंडाळून नेला.
टेबलावर माझ्या आधीचे एकोणीस पडले होते,
जाड भिंगांचे, सोनेरी काड्यांचे,
एकाची काडी दोऱ्यानं बांधलेली.
बहुतेकांच्या मालकांची नावं
कधी ना कधी तिनंच वाचली होती.
ती एकेक घालून मयतांच्या यादीकडे बघायची
आणि काढून ठेवायची.
आईच्या चष्म्यातून मी तिला धुरकट दिसलो.
ओस्वाल्डोच्या चष्म्यातून ओराल्डो लांब दिसला.
शेवटी खाली ओस्वाल्डोचा आणि वर आईचा
असे दोन चढवले
तेव्हा अक्षर बसलं जागेवर.
हसली नाही. आम्हीही नाही हसलो.
तिथं हसण्यासारखं खूप होतं.

पहाटे नदी नीट आली, मयत नीट आले,
बैलांचा भाव आकड्यानिशी आला.
नव्या राष्ट्राध्यक्षाच्या नावाला ती पुन्हा अडखळली.
ते चष्म्यामुळे नसावं.

कोट कुणीच नेला नाही.
एक तर ऐन उन्हाळा,
आणि ज्यांनी चष्मे आणले
त्यांतला कुणी कोटासाठी आला नव्हता.
आईच्या डब्यात मला तसल्याच तपकिरी रंगाचं बटण सापडलं,
जरासं मोठं.
उद्या नेऊन देईन म्हटलं होतं.
अजून ॲप्रनच्या खिशात आहे,
पिठानं पांढरं झालेलं.